अठरा नंबरची शीर

साबण लावूनही अंगठी निघेना, तेव्हा एमआरआय मशीनवरच्या माणसाने तुमच्या बंधूंचा हात नळाखाली धरला आणि मला, म्हणजे जिचा आजार आहे तिला, जरा बाजूला सरकायला सांगितलं. मी सरकले. पाय किती वेळ धरतील याचा अंदाज घेत भिंतीला टेकून उभी राहिले. (चार मिनिटं धरले.) तो ह्यांना म्हणत होता, काका, घाबरू नका, आत नुसता आवाज होतो. मला कोणी काही म्हणत नव्हतं.

वन्सं, नमस्कार लिहायचा राहिला, तो इथे घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा, भाऊजींचा खोकला गेला की नाही तेही कळवा. आमचं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, तेव्हा तसं लिहिलेलं समजा. पण मी चिडलेली आहे, आणि का ते तुम्हाला कळायला हवं, कारण माणूस तुमच्या घरचा आहे.

मुळापासून सांगते. माझा आजार मल्टिपल स्क्लेरोसिस, हे तुम्हाला माहीत आहे. मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही. का झिजतं ते कोणी सांगत नाही. मध्यंतरी कोणीतरी म्हणालं की या रोग्यांच्या मानेतल्या शिरा अरुंद असतात, रक्त डोक्यातून खाली उतरायला अडतं आणि सगळा बिघाड तिथून सुरू होतो. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलेल्या माणसाला हे ऐकून काय झालं असेल ते तुम्ही ओळखा. ह्यांनी एका कागदावर टाकी काढली, पाइप काढला, अडलेला व्हॉल्व काढला आणि तो कागद फ्रिजवर चिकटवला. मी सहा महिने फ्रिजमधून दूध काढताना तो पाहिला. दुसऱ्या शहरात एक क्लिनिक आहे, तिथे शिरेत फुगा घालून ती रुंद करून देतात. तिथली बारा तारीख मी घेतली. ह्यांनी नाही, मी. (हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी सगळं ह्यांच्यावर ढकलणार आहे.) त्याच सुमारास इथल्या मोठ्या हॉस्पिटलात या शिरांचा अभ्यास निघाला. एमआरआय काढून शिरा मोजणार होते. म्हटलं, पुरावा हातात घेऊनच फुग्याकडे जावं.

त्यांची अट अशी की प्रत्येक रोग्याने आपल्याच वयाचा एक धडधाकट माणूस बरोबर आणायचा, रक्ताच्या नात्याचा नको. धडधाकट म्हणून मी तुमच्या बंधूंना नेलं. दुसरी अट अशी की चित्रं बघणाऱ्या डॉक्टरला आणि मशीनवरच्या माणसाला कोण आजारी आहे ते कळता कामा नये. म्हणून सगळ्यांना सारखा हिरवा झगा, मनगटावर नुसता नंबर, आणि रोगी असो की निरोगी, मशीनपर्यंत सगळ्यांनी व्हीलचेअरवरूनच जायचं. मी सतरा, हे अठरा. मी गेली दोन वर्षं त्या खुर्चीत बसायचं नाही म्हणून शाळेचा जिना एकेक पायरी मोजत चढते, मुलांना वाटतं बाई भूमितीचा विचार करतायत. तिथे ह्यांची अंगठी निघाल्यावर मला नियमाने बसवलं. शेजारच्या खुर्चीत तुमचे बंधू बसले होते, पाय पुढे टाकून, आणि तोंडावर असा भाव की तो मशीनवरचा माणूस त्यांच्यासाठी दोनदा पांघरूण घेऊन आला. मी मागितलं तेव्हा म्हणाला, ताई, तुम्हाला कशाला, तुम्ही ठणठणीत दिसता.

आत डोकं पिंजऱ्यात घालतात, कानात बोळे कोंबतात आणि हातात एक रबरी फुगा देतात. फारच घाबरलात तर दाबा म्हणतात. मी पस्तीस मिनिटं आवंढासुद्धा जपून गिळला. तुमच्या बंधूंनी तो फुगा तीनदा दाबला. एकदा झालं का विचारायला, एकदा नाक खाजतंय सांगायला, आणि एकदा (हे त्यांनी स्वतः मला कौतुकाने सांगितलं) तो चालतो का ते बघायला.

सहा आठवड्यांनी सगळ्यांना बोलावून पाकिटं वाटली. मी व्हरांड्यात उभ्याउभ्या माझं फोडलं. सतरा नंबर : दोन्ही शिरा नेहमीच्या रुंदीच्या, रक्त नीट उतरतंय. मग ह्यांचं फोडलं. अठरा नंबर : डावी शीर एका जागी निम्म्याने अरुंद.

पाकिटांची अदलाबदल झाली असणार हे मला लगेच कळलं. मी परत आत जाऊन टेबलावरच्या बाईंना तसं ऐकवलं, आवाज थोडा चढला. त्या बाईंनी नंबर ताडून पाहिले, वही दाखवली, मी वहीवरही विश्वास ठेवला नाही. शेवटी मुख्य डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी अठरा नंबरचं चित्र पडद्यावर लावलं आणि पेन्सिलीने गळ्यावर एक जागा दाखवली. वन्सं, तुमच्या घराण्याचा कंठमणी मी कुठेही ओळखेन.

त्या म्हणाल्या, अरुंद शिरा जितक्या आजाऱ्यांत निघाल्या, जवळजवळ तितक्याच निरोगी माणसांत निघाल्या. मी म्हटलं, पण माझी बारा तारीख ठरलीय. त्यांनी माझा कागद परत एकदा वाचला.

"तुमची शीर उघडीच आहे. उघडी आहे ती उघडणार कशी?"

गेलं वर्षभर मी देवाकडे नाही, कोणाकडेच नाही, पण मनात एकच गोष्ट मागत होते, की माझी शीर अरुंद निघो. एवढी साधी गोष्ट. ती मिळाली, पण ह्यांना. तीस वर्षांच्या संसारात वर्तमानपत्राचं पहिलं पान ह्यांना, खिडकीकडची जागा ह्यांना, आणि आता शीरही ह्यांनाच.

तेव्हापासून घरात रोगी बदलला आहे. हे मान वळवत नाहीत, अख्खे वळतात. दूधवाल्याला शीर दाखवून झाली, ती बाहेरून दिसत नाही हे माहीत असून. मी परवा न राहवून म्हटलं की ती शीर मला हवी होती. तर चहाचा कप खाली ठेवून, छत्री द्यावी तसं म्हणाले, "घे की माझी. मला काय करायचीय." यावर काय चिडायचं ते मला सुचलं नाही, म्हणून मी साखरेवरून चिडले.

काल संध्याकाळी त्यांनी फ्रिजवरचा तो कागद काढला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "लाइन अरुंद, आणि टाकी सत्तावन्न वर्षं ठणठणीत. म्हणजे बिघाड तिथे नाही गं." आणि खोडरबराने व्हॉल्व पुसला. एरवी हा माणूस कोणत्याही गोष्टीवर वाद घालतो. काल घातला असता तर मला चाललं असतं.

भाऊजींना नमस्कार. राग तुमच्यावर नाही.

तुमची भावजय

ता. क. : तुमच्या बंधूंना फोन करून सांगा की उशी घेऊन झोपल्याने शीर दुमडत नाही. माझं ऐकत नाहीत.

ता. क. २ : तुमच्या सासऱ्यांची ती काठी. गेल्या वेळी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून आणलीत आणि मी म्हटलं, आमच्या तिसऱ्या मजल्यावर साप निघत नाहीत. तुम्ही काही न बोलता ती परत नेलीत, आणि तेव्हापासून फोनवर फक्त गुडघ्यांचं बोलता. मी तसं म्हणायला नको होतं. कोणाला देऊन टाकली नसेल तर पाठवा. खालचं रबर झिजलं असेल तर इथे बदलून घेईन.

ता. क. ३, सकाळी : नऊ वाजता क्लिनिकला फोन करून बारा तारीख रद्द केली. तिथल्या मुलीने कारण विचारलं. म्हटलं, शीर चांगली निघाली. ती म्हणाली, अभिनंदन. मी थँक्यू म्हटलं. मग पत्र टाकायला दोघं निघालो. ह्यांनी एका हाताने मान धरली होती, मी ह्यांचा दंड. मी ह्यांना सांभाळतेय असं ह्यांना वाटलं. मी वाटू दिलं. एक जिना उतरल्यावर आठवलं की पाकिटाला तिकीट लावलं नाही, म्हणून परत वर आलो.