टीव्हीच्या खोक्यातली बेगम

अहो,

झोपेचं सोंग तुम्ही इतकं मन लावून घेतलं होतं, की उठवणं जिवावर आलं. मी सकाळच्या गाडीनं नांदेडला पुढे जाते. उद्याच्या बारशाचे लाडू वहिनीला एकटीला वळवणार नाहीत. तुम्ही संध्याकाळी ऑफिसातून आलात, की बेगमला घेऊन निघा.

मागच्या वेळी तिला भाजीच्या पिशवीत घालून स्कूटरवर नेलंत, आणि चिक्कडपल्लीच्या चौकात बाईसाहेब उडी मारून फुलवालीच्या टोपलीत जाऊन बसल्या. तसलं आता नक्को. खोकं तयार आहे, आत माझी जुनी साडी अंथरलीय. आधी खिडक्या लावा, मग तिला आत ठेवा आणि सुतळी दोन्हीकडून आवळा. निघण्याआधी तिला दूध देऊ नका. स्टेशनपर्यंत ऑटोनंच जा. गाडीत ती म्यावम्याव करून अख्खा डबा डोक्यावर घेईल, तुमचा जीव कळवळेल. पण नांदेडच्या घरात शिरून दार लागेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

खोकं माळ्यावरचं आहे, नव्या टीव्हीचं. पुण्याची नोकरी मिळाली की टीव्ही न्यायला लागेल, म्हणून तुम्ही जपून ठेवलेलं. बेगमला हवा लागावी म्हणून मी त्याला चारी बाजूंनी भोकं पाडलीत. आतलं थर्माकोल खालच्या पोरांनी गणपतीच्या मखराला नेलं.

थालीपीठ डब्यात आहे. रात्रीच्या भांडणाच्या रागात उपाशी राहू नका.

टीव्ही आता इथं, नल्लकुंट्यातच राहील. आपलं काय, ते बारसं झाल्यावर बोलू.

त्रिवेणी