पट्टी पुढे सरकते, आवाज येत नाही

४ जून, सकाळ
…आणि दूध उतू गेलं ते ह्यांच्यामुळेच. केर काढून झाला होता, भाजी निवडून ठेवली होती, मी मागच्या दारी कपडे पिळत होते. गॅसवरच्या दुधाकडे बघायचं, एवढं एकच काम ह्यांच्याकडे होतं. नंतर म्हणाले, तू बघणार होतीस. वाद मिटायच्या आत दवाखाना आला, आणि मग हे गेले. असो.

आज लिहायचं कारण वेगळं. हे छापखान्यात मुद्रितं तपासत. माझी शाळा चौथीत सुटलेली. हे मोठ्याने वाचत, मी शेजारी बसून ओळीवर बोट ठेवायची, अशी वाचायला शिकले. शेवटी शेवटी ते फोनवर वाचून ठेवायला लागले, मला काम करताना ऐकता यावं म्हणून. दीपगृहाच्या कादंबरीचं नववं प्रकरण मात्र मध्येच तुटतं. ‘म्हातारा जिना चढून वर आला आणि पाहतो तर,’ एवढं बोलून हे गप्प. पट्टीवर अजून बरीच मिनिटं बाकी दिसतात. पट्टी सरकते, आवाज येत नाही. दर वेळी संतापून बंद करते.

म्हणजे वाचन आत आहे, फोनमधला वाजवणारा प्लेअर ते गिळतोय. पुस्तक कपाटात आहे, पण पुढचं मला ह्यांच्या तोंडून ऐकायचंय. हे काम अर्धवट सोडणारे नव्हते. बैठकीच्या खिडकीला एकाच बाजूने रंग आहे, तो विषय वेगळा.

ठराव: प्लेअर बनवणाऱ्यांना सौम्य शब्दांत कळवणे.

५ जून
प्लेअरच्या तक्रारींच्या पानावर कळवलं. ‘तुमचा प्लेअर माझ्या नवऱ्याचं बोलणं खातो. ताबडतोब दुरुस्त करा.’ उद्गारचिन्हं मोजकीच.

६ जून
उत्तर नाही. तेच पुन्हा पाठवलं. दुपारी आणखी एकदा, आधीचं पोचलं नसेल म्हणून. कुणीतरी ‘बटणांचा रंग गडद हवा’ अशी तक्रार केली होती, तिच्याखालीही लिहिलं. तिथे वर्दळ बरी दिसली.

७ जून
मुलीचा फोन. ती कंप्युटरच्या कंपनीत आहे. लहानपणापासून सगळ्यांच्या चुका काढते, म्हणून घरात मास्तरीण. तिने ते पान पाहिलं. म्हणाली, आई, तू लोकांच्या अंगणात उभी राहून बोंब मारतेयस. हा प्लेअर ओपन सोर्स आहे. करणारा माणूस पोटापाण्याची नोकरी सांभाळून फावल्या वेळात फुकट करतो. आधी बघायचं, हेच कुणी सांगितलंय का. मग एकदाच सांगायचं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. बास. आणि ‘ताबडतोब’ हा शब्द विसर.

मी विचारलं, फुकट आहे म्हणून नासकं द्यायचं का. ती म्हणाली, फुकटच्या चहात साखर कमी पडली म्हणून कुणी कप फोडत नाही. बोलणं थेट बापाचं.

ठराव: जास्तीच्या तक्रारी काढून टाकणे. एकच ठेवणे, रीतसर.

८ जून
रीतसर लिहिली.
काय केलं: उठले. चूळ भरली. केर काढला. दूध तापत ठेवलं. भांडी घासायला घेतली. फोन नळाजवळच्या फळीवर ठेवून नववं प्रकरण लावलं.
काय व्हायला हवं होतं: हे बोलायला हवेत.
काय झालं: हे बोलत नाहीत.
मास्तरणीला वाचून दाखवलं. तिने शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाली, चूळ आणि केर खोड. शेवटच्या दोन ओळी राहू देत.
खोडलं नाही. खरं ते सगळं सांगायला नको?

१० जून
उत्तर आलं! प्लेअरवाले लिहितात, नमस्कार काकू, माझ्याकडे सगळं नीट चालतंय, अडकणारी फाइल पाठवाल का. मी लिहिलं, माझ्या शेजारणीचा गुडघा दुखत नाही, म्हणून माझा दुखायचा थांबतो का? सौम्यच लिहिलं.

घरातला आवाज परक्याला कशाला द्यायचा? नवव्याऐवजी पहिलं प्रकरण पाठवलं.

१२ जून
प्लेअरवाले म्हणतात, हे शेवटपर्यंत वाजलं, काका वाचतात फार सुंदर, पण मला बिघडलेलीच फाइल लागेल. सुंदर म्हणाले, म्हणजे माणूस वाईट नसावा. मास्तरीण म्हणाली, डॉक्टरकडे गेल्यावर दुखरा दात झाकून दुसराच दाखवतेस का गं?

१४ जून
नववं पाठवलं. आधी फोन फडक्याने पुसून घेतला.

ठराव: दुरुस्त होऊन आलं की हातातलं काम टाकून, खुर्चीत बसून ऐकणे.

१५ जून
खुर्ची खिडकीशी ओढून ठेवली. रंग नाही त्या बाजूला.

१८ जून
उत्तर आलं. तक्रारीवर शिक्का, ‘बग नाही. बंद.’ म्हणजे प्लेअरची चूक नाही. खाली लिहिलंय, काकू, फाइल पूर्ण आहे. लांबून एक बाई ‘अहो, दूध!’ अशी हाक मारतात. काका ‘आलो, आलो’ म्हणत उठतात आणि बटण बंद करायचं विसरतात. पुढे स्वयंपाकघरातलंच ऐकू येतं. परत आल्यावर ते स्वतःशी काहीतरी म्हणतात. ते तुमच्या घरचं आहे, तुम्हीच ऐका. इअरफोन लावा आणि नळ बंद ठेवा.

नळ बंद केला. ऐकलं. भांडं आपटलं, फडकं पिळलं, माझा आवाज चढला, सगळं आहे. मग खुर्ची करकरली आणि हे हळूच म्हणाले, “बघायला मलाच सांगितलं होतं. पण कबूल केलं तर दिवसभर ऐकावं लागेल.” मग बटण.

दुधाचा वाद मी जिंकले. आता ऐकवायचं कुणाला? वाचन तेवढंच होतं. म्हातारा जिन्याच्या वर तसाच उभा आहे.

प्लेअरवाल्यांना आभार लिहिले. एकदाच.

२० जून
काल दूध तापवून आधी गॅस बंद केला, कपाटातून पुस्तक काढलं आणि खिडकीशी बसून ते वाक्य पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचलं.