नवरीचा मेकअप आणि माझा गॉगल

शुक्रवार, संध्याकाळ

माझे डोळे आले, आणि उद्या वाडीच्या नवरीचा मेकअप! सकाळपासून ह्यांचा काळा गॉगल लावून घरात फिरून राहिले. जाऊ की नको? तिच्या पापण्यांना हात लावायचा, आणि लग्नात तिचे डोळे लाल झाले तर? पण ऐनवेळी नाही कसं म्हणायचं? हे म्हणतात, "काहून टेन्शन घेऊन राहिली वं? गॉगल लाव अन् जा." जसा काही रोग गॉगलला घाबरतो!

शेवटी मन घट्ट करून नवरीच्या आईला फोन केला. "काकू, माझे डोळे आले. उद्या मैत्रिणीले पाठवते."

तिकडून हसणंच ऐकू आलं. "अवं, आमच्या घरी सगळ्यायचेच आले, पोरीचे पन! तू मेकअपच्या ट्रायलले आली, तवाच माझे आले होते. तू पळून जाशीन म्हनून सांगितलं नाही."

म्हणजे मला तिथूनच! आणि मी दिवसभर झुरतेय त्यांच्या काळजीनं. भांडायला तोंड उघडलं, तर हसूच आलं. मैत्रिणीला कशाला पाठवायचं आता? मीच जाते. काजळ नाही, लिपस्टिक तेवढी गडद.

फोन ठेवताना काकू म्हणाल्या, "पिवळ्या शालूवर काळा गॉगल चांगला दिसंल का वं?"

म्हटलं, "दिसंल नं! नवरदेवासाठी पन एक आणून ठेवा."