मांजराला लावलेलं करंजाचं तेल

अप्पा, आपल्या घरात मांजर आलंय. तुम्ही असता तर आधी हसला असता, अन् मग "कामून आणलीस गं ही ब्याद?" म्हणून मलाच धारेवर धरलं असतं. मी न्हाई आणली. ह्यांनी आणली. कोळारला ज्या गोदामात हे कामाला आहेत, तिथं ही पोत्यांच्या आडोशाला राहायची, उंदरं धरायची. नवीन साहेब आले आणि म्हणाले, मांजर बाहेर काढा. तुमचे जावई किती बोलतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. खोक्याला भोकं पाडली, तिला आत घातली, स्कूटरवर पुढं ठेवून घरी घेऊन आले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "राहू दे. घर लईच गप झालंय." पोरगी लग्न होऊन जहिराबादला गेल्यापासून मलाही तेच वाटत होतं, पण दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं. म्हणून ठेवून घेतली.

आता जनावर दारात आलं म्हणल्यावर मी कुणाला विचारायला जाईन होय? धनगराची लेक मी! माझ्या डोळ्यांपुढं तर लगेच खजुरीचा ओढाच उभा राहिला. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे आहात, आळंदच्या बाजारातून आणलेली मेंढी बगलेत धरलीय, अन् मी काठावरून तिचे कान धरलेत. आधी तिला धुवायचं, मग उन्हात उभी करायची, मग मानेला, कानामागं, काखेत करंजाचं तेल चोळायचं. "गोचीड घेऊन आलेलं जनावर तसंच कळपात सोडलं तर सगळ्यांना लागतं," तुम्ही सांगायलात, अन् मी ते सगळं मोठ्या बाईसारखं मान हलवून ऐकायलेय. तुमच्या हाताला त्या तेलाचा वास कायम असायचा. आईनं भाकरी वाढताना कितीदा त्यावरून तोंड वाकडं केलं असेल! मला मात्र तो वास आला की अप्पा आले, असंच वाटायचं.

तर मी न्हाणीत कोमट पाणी काढलं. काय सांगू अप्पा! मेंढी बिचारी धरली की उभी राहते. हिनं माझ्या हातावर, गळ्यावर, पदरावर असे ओरखडे काढले की हे बाहेरून विचारायले, "कोण कुणाला धुवायलंय?" वाघाची मावशी उगीच म्हणत न्हाईत. पण मीही तुमचीच लेक. ओली केलीच, पुसली, अन् कानामागं पिसू दिसल्या म्हणून तुमच्यासारखंच हात भरून तेल चोळलं. वर ह्यांना ऐकवलं, "बघा, जनावर असं सांभाळतात."

मेंढरू आपलं अंग चाटत बसत न्हाई. मांजर सगळं अंग चाटून काढतं. एवढं माझ्या डोक्यात आलं न्हाई बघा. दिवस मावळायच्या आत तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मग ओकाऱ्या, मग चार पावलं टाकली की पाय लटपटायले. करायला गेले गणपती अन् झाला मारुती! मी तिला टॉवेलात गुंडाळलं, ह्यांनी स्कूटर काढली. जनावरांच्या दवाखान्यापर्यंत मी एकच घोकत होते, आम्ही हिला गोदामातून वाचवून आणली की मारायला आणली? डॉक्टर कन्नड बोलणारे, तरणे, शांत. तिला हुंगलं अन् लगेच कळलं त्यांना. साबणानं तेल काढलं, सुई दिली, कातडीखाली सलाईन सोडलं. मला म्हणाले, "अक्का, जगेल असं वाटतंय. पण उद्या दिवसभरात काही खाल्लं पाहिजे हिनं. मांजर उपाशी राहिलं की आणखी बिघडतं." मग एकेक सांगायले. सगळं घर एकदम दाखवू नका, एका खोलीत ठेवा. कोपऱ्यात टोपल्यात वाळू ठेवा, खाण्यापासून लांब. दूध न्हाई, पाणी. बिनमिठाचं उकडलेलं कोंबडीचं मटण द्या, कांदा-लसूण न घालता. अन् ओढून मांडीवर घेऊ नका, तिची ती येईल.

घरी आणली तर ती कपाटामागं जी शिरली ती निघेचना. दुसऱ्या दिवशी सकाळी मटणाची वाटी ठेवली, तिनं बघितलंसुद्धा न्हाई. दुपार झाली. मी पालथी पडून कपाटाखाली हात घालायले, "ये गं बाई, ये गं माझे राणी," अन् ती आणखी आत सरकायली. मला रडू आलं अप्पा. खोटं कशाला बोलू, लेकीच्या पाठवणीत जेवढं आवरलं होतं ना, तेवढं सगळं त्या कपाटापुढं बसून रडले.

अन् मग तुमचं बोलणं आठवलं. नवी मेंढी आली की मी लहानपणी तिच्या गळ्यातच पडायचे, तेव्हा तुम्ही एकदा चांगलंच खेकसला होता. "अगं येडे, तिची माणसं सुटली, तिचं रान सुटलं, अन् तू तिच्या तोंडात तोंड घालायलीस! पाठ करून बस. तुझं काम कर. तिला बघू दे तुला." मी तेव्हा रुसून जेवले नव्हते. आता डोळे पुसले, मेथीची जुडी घेतली अन् कपाटाकडं पाठ करून बसले. मेथी निवडत तुमच्याशीच बोलत होते, मोठ्यानं. खटकचिंचोळीच्या शिवारात खतासाठी मेंढरं बसवायला गेलो होतो तेव्हा तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं, ते बोलले. आईचं बोलले. मेथी संपली तर निवडलेलीच परत निवडायले. उन्हं कलली तेव्हा मागं चपचप आवाज आला. मी मान वळवली न्हाई. वाटी घासल्यासारखी चाटून झाली तेव्हा कुठं मेथी खाली ठेवली.

आता तिची ऐट बघायला पाहिजे होती तुम्ही! खुर्ची तिची, खिडकी तिची, ह्यांचं पोटसुद्धा तिचंच. हे माझ्याशी दिवसभरात बोलत न्हाईत तेवढं तिच्याशी बोलतात. मी दळण घेऊन आले की ही दाराशी येऊन ओरडते, उशीर का केला म्हणून. आपल्या फिरत्या बिऱ्हाडात कुत्री लई होती, मांजर कधीच नव्हतं. ते माणसाला न्हाई, घराला धरून असतं, म्हणायचात. तसंच असेल. पण मी न्हाणीत गेले की ही बाहेर बसून राहते, तेव्हा तुमचं म्हणणं थोडं बाजूला ठेवते मी.

परवा लस टोचायला नेली होती. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून बघितलं, जंताचं औषध दिलं, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन कधी करायचं ते सांगितलं. निघताना म्हणाले, "अक्का, त्या दिवशी विचारायचं राहिलं. तेल लावायला सांगितलं कुणी?"

"आमच्या अप्पांनी," मी म्हणाले. "पण मेंढरांसाठी हं, डॉक्टर. मेंढरांचं त्यांचं काही चुकत न्हाई. मांजराचं मी त्यांना कधी विचारलंच न्हाई."

डॉक्टर हसले. "मग आता सांगून टाका त्यांना. गावाकडं लोक त्यांना विचारत असतील. पण हळू सांगा, म्हातारी माणसं, राग येतो."

"माझा न्हाई येत त्यांना राग," मी म्हणाले. "सांगते."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, खोकं उचललं, बाहेर जाऊन स्कूटर चालू केली.

डॉक्टरांना शब्द दिला म्हणून हे पत्र लिहायलेय. टाकणार कुठं, ते मला ठाऊक न्हाई. अप्पा, मांजराला करंजाचं तेल चालत न्हाई. झालं, सांगितलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली हे डॉक्टरांना सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण ते असे बोलायले, जणू तुम्ही गावाकडं ओट्यावर बसलाय अन् मी रविवारी तुम्हाला भेटायला जाणार आहे. मग मी नुसतं "सांगते" म्हणाले.