हिरवं बटण आणि दोन किसनराव

मंगळवार, १४ ऑक्टोबर. संध्याकाळचे सव्वासहा. संगणकासमोरच लिहितोय.

आमच्या बियाण्याच्या दुकानाचा प्रोग्राम एआय दुरुस्त करतो. प्रत्येक बदलाआधी तो परवानगी मागतो. ती वाचून हिरवं बटण दाबायचं, एवढंच माझं काम.

आज शेठ हसले, "अरे, दाब की जल्दी! दहावीचा पेपर वाचून राह्यला का?" दहावी माझी राहिलीय, त्यांना माहीत आहे. लाजून न वाचताच हिरवं दाबलं. एआयनं गिऱ्हाइकांच्या यादीतली एकसारखी नावं एकत्र केली. वाटूरचे किसनराव दोन आहेत, चुलतभाऊ. धाकट्यांचं हरभऱ्याचं बुकिंग पुसलं गेलं, आणि ते उद्याच बियाणं न्यायला येणार.

यादीची कालची प्रत जपलेली होती, म्हणून बुकिंग परत आणता आलं. नसती तर?

लपवावंसं वाटलं. तरी शेठना सांगितलं. ते स्टूल ओढून शेजारी बसले. "पुढची परवानगी मोठ्यानं वाच," म्हणाले.