मी निवडलेलं मचाण

आई, काल संध्याकाळी मी एक हरीण मारलं. माझ्या हातानं, एका गोळीत. तू असतीस तर आधी दार लावून घेतलं असतंस आणि मग विचारलं असतंस, हे कुणाकुणाला सांगितलंस म्हणून. सगळ्यांना सांगितलं. फोटोही पाठवले. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, तुला फोटो पाठवायची सोय नाही, म्हणून लिहून सांगते आहे. आणि आधीच स्पष्ट करते, माफी मागायला लिहीत नाहीये.

मी अकरा वर्षांची असतानाचा तो दिवस तू विसरली नसशील. मामा येणार म्हणून तू लाल कोंबडी टोपलीखाली झाकून ठेवली होतीस. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात पुरुष नाही, म्हणून दर वेळी कोंबडी काखोटीला मारून तू पलीकडच्या अण्णांच्या दारात जाऊन उभी राहायचीस. अण्णा दाढी करत असले तर त्यांची दाढी होईपर्यंत थांबायचीस. ते कापून द्यायचे आणि कलेजी ठेवून घ्यायचे. त्या दिवशी अण्णा बाजारला गेलेले, तू शिवलेले कपडे द्यायला गेलेली आणि मामांच्या एसटीची वेळ झालेली. अण्णांना मी इतक्यांदा बघितलं होतं की मला सगळं पाठ होतं. मी सुरी घेतली आणि केलं. नीट केलं, आई, कोंबडीला फार तडफडू दिलं नाही. तू आलीस तेव्हा मी पिसं काढत बसले होते आणि तू शाबासकी देशील अशी माझी पक्की खात्री होती. तू म्हणालीस, “बाईमाणसानं सुरी लावायची नसती. कुणी सांगितलं व्हतं तुला?” मारलं नाहीस. कोंबडी उचललीस, परसात खड्डा काढलास आणि पुरून टाकलीस. वाटलेला मसाला पाट्यावर तसाच होता. मामांना पिठलं वाढलंस आणि सांगितलंस, “कोंबडी मुंगसानं नेली.” मामा हळहळले. मुंगूस त्यांच्या शेजारीच बसून पिठलं खात होतं. कापणं चुकलं की कापणारा हात चुकला, हे मी तुला त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता मी जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला असते. गाड्यांचे ब्रेक तपासायचं काम करते. या गावात संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही, पण गाडी काढली की वीस मिनिटांत शेतं आणि जंगल लागतं. तिथं पहिल्यांदा मचाणं दिसली, शेताच्या कडेला लाकडी शिड्या आणि वर बसायची फळी. इथं शिकारीसाठी परीक्षा द्यावी लागते, यागडशाइन म्हणतात त्या परवान्याला. वर्षभर शनिवार-रविवार त्यात गेले. झाडं, जनावरांचे रोग, कायदा, बंदूक, मारलेलं जनावर साफ कसं करायचं, सगळं जर्मनमधून. नवरा म्हणाला, “अगं, छंदच हवाय तर पोहायला जा ना.” मी पहिल्या फटक्यात पास झाले. का शिकलीस असं इथली मराठी मंडळी अजून विचारतात आणि मी दर वेळी वेगळं कारण सांगते. खरं कारण मुंगूस.

ज्या शिवारात मी जाते तिथला शिकारीचा हक्क एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे आहे. कुणी काय मारायचं ते तोच ठरवतो. आपल्या भेकराएवढं हरीण असतं इथं, त्याच्यातला एक म्हातारा नर त्यानं मला यंदा देऊ केला होता. जाड मानेचा, डोकं खाली घालून चालणारा. तरण्या नरांना हात लावायचा नाही, हा म्हाताराच हवा, आणि हंगाम संपत आलेला. गेल्या सोमवारी शेतकरी म्हणाला, “आल्झो, तर मग शनिवारची संध्याकाळ तुझी. नाही जमलं तर रविवारी माझा जावई हानोव्हरहून येतोच आहे, तो उरकून टाकेल.” चांगल्या मनानं म्हणाला बिचारा. नवऱ्यानंही घरी तेच सांगितलं, “मारू दे की जावयाला, मटण आपल्यालाही देतील.” माझ्या डोळ्यांपुढे मात्र अण्णांचं दार आलं आणि साबण लावलेले त्यांचे गाल. माझ्या वाटच्या कोंबडीसाठी मी आता कुणाच्याही दारात उभी राहणार नव्हते.

प्रश्न होता बसायचं कुठे. संध्याकाळ एकच, मचाणं तीन, आणि नर आठवड्याभरात तिन्हींच्या आसपास दिसलेला. शेतकऱ्यानं तो दोनदा ट्रॅक्टरवरून पाहिला होता, रस्त्याकडेच्या कापलेल्या गवतात, अगदी उजाडता उजाडता. ओकच्या झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात तो सलग तीन दिवस आला होता, पण तिन्ही वेळा मध्यरात्र उलटून गेल्यावर. आणि कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईंनी त्याला बुधवारी भर दुपारी पाहिलं होतं, ओहोळाच्या बांधावर, एकदाच. शेतकरी म्हणाला, गवताच्या मचाणावर बस, तिथून लांबवर दिसतं, जावई नेहमी तिथंच बसतो. ओहोळाकाठची शिडी जुनी होती, तिथं वर्षभरात कुणी चढलेलं नव्हतं.

मी शुक्रवारी तिन्ही ठिकाणी चालून आले आणि तेव्हा मला तू आठवलीस, रागानं नाही. आपल्या कोंबड्या बाहेर कुठेतरी अंडी घालायच्या आणि मी त्या ओरडतील तिकडे धावायचे. तू हसायचीस. म्हणायचीस, “वरडती तिथं काय बघतीस? अंडं घातल्यावर धा पावलं लांब येऊन वरडती ती. गप कुठं व्हती ते बघ.” गवतात तो दिसत होता कारण रात्रभर चरून परत निघालेला असायचा. कॅमेऱ्यासमोर यायचा तो अंधारात. दिवसाढवळ्या मात्र तो एकाच जागी दिसला होता, म्हणजे दिवसभर पडून राहायची त्याची जागा तिथून जवळ होती. त्यात शनिवारी वारा पश्चिमेचा, गवताच्या मचाणावर बसले असते तर माझा वास थेट जंगलात गेला असता. मी शेतकऱ्याला फोन करून सांगितलं, ओहोळाकाठी बसते. तो म्हणाला, “जा, जा. संध्याकाळ तुझी आहे.” त्याला ते पटलेलं नव्हतं हे आवाजावरून कळत होतं.

साडेचारला शिडी चढले. पाच वाजले, साडेपाच वाजले. समोर झुडपं, ओहोळात हातभर पाणी, आणि आपण मूर्खपणा केला ही भावना. सहाला एक नर बाहेर आला. दुर्बिणीतून बघितलं तर मान बारीक, डोकं ताठ. तरणा होता. बराच वेळ तो माझ्यासमोर चरत होता आणि बंदूक मी मांडीवर आडवी धरून बसले होते. त्याला मारलं असतं तर पुन्हा त्या शिवारात पाय ठेवता आला नसता. मग एकाएकी त्यानं मान वर केली आणि पळाला. त्याच्या मागून, झुडपातून, म्हातारा आला. सावकाश, डोकं खाली घालून, स्वतःच्या अंगणात आल्यासारखा. आडवा उभा राहीपर्यंत मी थांबले. मग चाप ओढला. तो जागच्या जागी पडला.

शेतकरी आला, खाली बसून त्यानं दात तपासले, झिजलेले होते. “गेनाऊ, अगदी बरोबर, हाच,” म्हणाला. “पोट फाडून साफ करायचं काम मी करू का?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, नको. बाह्या वर केल्या आणि सगळं स्वतः केलं, कोपरापर्यंत रक्तात, आणि मला ते करताना बरं वाटत होतं. हे तुला आवडणार नाही, पण बरं वाटत होतं. मग त्यानं ओकची डहाळी तोडून नराच्या तोंडात दिली, शेवटचा घास म्हणून, आणि दुसरी मला टोपीत खोवायला दिली. इथंही रीत आहे, आई, इथंही मेलेल्याचा मान ठेवतात. हात बाईचा की बाप्याचा, एवढं मात्र ती रीत विचारत नाही. आणि इथंही कलेजी मारणाऱ्याची असते. मी ती घरी आणली, तुझ्या पद्धतीनं कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून केली आणि पहिला घास स्वतः खाल्ला.

पुरलेली ती कोंबडी चांगली होती. तुझा मसाला वाया गेला आणि माझं एक कौतुक वाया गेलं, आणि ते कुठल्या भीतीपायी गेलं हे आता मला कळतं. एकटी बाई, वर पोरगी सुरी चालवते, गावानं काय काय बोललं असतं. कळतं म्हणून पटतं असं नाही. मला अजूनही राग येतो आणि तो मी सोडणार नाही.

एवढं सगळं सकाळी बसून लिहिलं. मग स्वयंपाकाला उठले. शेतकऱ्यानं काल निघताना त्याच्या मळ्यातला एक लाल भोपळा दिला होता, चांगला मोठा. भोपळा पाटावर ठेवला, सुरी हातात घेतली आणि तशीच उभी राहिले. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईनं लावायची नाही, पुरुषानं लावायची, तूच सांगायचीस. काल याच हातांनी मी काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. नवरा आत लॅपटॉपवर काहीतरी करत होता. मी त्याला हाक मारली. तो आला, पहिली सुरी लावून परत लॅपटॉपकडे गेला. बाकीचा भोपळा मी चिरला.

हे तेवढं कुणाला सांगितलेलं नाही.