हॉर्नचा लांब सूर

गंगाखेड, रविवार, ९ नोव्हेंबर

मिलिंदने जर्मनीहून त्याची सिम्फनी पाठवली. सत्तर मिनिटांची, शंभरावर वादकांची, तिकडच्या जुन्या भव्य थाटातली. फसलेली असावी असं मनापासून वाटत होतं. फसलेली नाही. आमच्या बँडात माझ्या मागे ट्रंपेट धरून चालणारा हा पोरगा. माझ्या डोक्यात वरातीच्या गाण्यापलीकडचं कधी काही आलं का?

त्यातला हॉर्नचा लांब सूर डोक्यातून जात नाही. आठ जण ती गोल वळणांची पितळी वाद्यं फुंकत तो धरून ठेवतात. खालून व्हायोलिन चढत येतात, मग ढोल, मग सगळंच अंगावर कोसळतं, तरी तो सूर तुटत नाही. मी लगेच ओळखलं. जयंतीच्या मिरवणुकीत गाणं मधेच पडू नये म्हणून मीच शिकवायचो, सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजाऱ्याचा घेऊन झाला की आपण घ्यायचा.

माझी युक्ती चोरली म्हणून त्याला फोन लावणार होतो. बायको म्हणाली, "दुपारपासून तेच ऐकायलाव. त्यानं नोटेशनचे कागद बी पाठवलेत, ते तर बघा."

बघितले. हॉर्नच्या ओळीवर त्याने मराठीत लिहिलंय, 'श्वास पाळीपाळीने, अशोकदादांनी शिकवला तसा.'

तो लांब सूर पुन्हा लावला. एवढ्या सत्तर मिनिटांत माझा एक श्वास, आणि तोही त्याने माझ्या नावावर लिहून टाकला. चोरला असता तर निदान भांडता आलं असतं.